एकाच वाचकाची कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे. वय फार नाही. पण कोणी हात लावला नाही की पुस्तक लवकर म्हातारं होतं. माझे लेखक हिंगणघाटचे पुंडलिकराव. त्यांनी विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या, जादूनगरीच्याही लिहिल्या. माझ्यात दोन्ही आहे. आधी वेणा नदीत यान उतरतं, मग चेटकीण येते.

मित्रांनो, आमच्या वाचनालयाची एक रीत होती. पुस्तक कसं वाटलं हे ग्रंथपाल रीताताईंना सांगायचं, मगच दुसरं मिळायचं. बहुतेक लोक "छान आहे" म्हणून सुटायचे. माझी पानं तेव्हा एकमेकांना चिकटलेलीच असायची.

निवृत्त शिक्षिका जयवंताबाई मात्र मला खरंच वाचत, जेवतानासुद्धा. माझ्यावर त्यांच्या वरणाचा डाग आहे. मला मिळालेला तो एकमेव पुरस्कार.

एकदा मला परत करताना त्या म्हणाल्या, "रीता, यानाचं लय मस्त लिवलं. आभाळाकडं पाह्याचं भेव वाटे मले. पण मंग चेटकीण काऊन आणली? यान बंद पडलं का चेटकीण मंत्र म्हणते. अन् त्या जादूच्या कादंबऱ्यायतले राजे तं नुसते भाषण देतात."

"मंग पुढची आली तं ठेवू का नको?"

"ठेवजो. मलेच पयले देजो."

शेजारी पेपरामागे पुंडलिकराव बसले होते. पेपर खाली आला. "बाई, माह्या सत्काराले अख्ख्या गावानं कौतुक केलं."

"त्यायनं वाचली का?"

दुसऱ्याच दिवशी पुंडलिकरावांनी त्यांच्या आम्हा सगळ्या कादंबऱ्यांना ऑटोत घालून घरी नेलं आणि कपाटात सत्काराच्या शालींखाली कोंडलं. लिहिणंही सोडलं.

काही दिवसांनी जयवंताबाई दारात आल्या. "नवी लिवली का जी?"

"तुमाले कायले पायजे? तुमाले आवडत नाई ना."

"अर्धी आवडते, म्हणून तं बाकीच्या अर्धीसाठी भांडून राह्यली."

दार लागलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता कधीतरी कपाट उघडतं, ते शालींना ऊन दाखवायला. आम्हाला कसर लागली आहे. तिला मतं नाहीत. यान आणि चेटकीण ती सारख्याच चवीनं खाते.

मित्रांनो, पुस्तकांची काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. वरण सांडा, नावं ठेवा, लेखकाशी भांडा. फक्त न वाचता छान म्हणू नका.