बंद दाराआडचा समुद्र

कारवारहून फिल्मचा डबा आला की उमाजी तो उघडायचं काम पुढे ढकलत राहायचा.

ही १९६३ सालची गोष्ट. बेंगळुरात आजचं इंदिरानगर ओलांडून मारतहळ्ळीच्या वाटेला लागलं की तेव्हा नाचणीची शेतं होती. त्या शेतांत एका संशोधन संस्थेची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये समुद्राचा अभ्यास चाले, आणि तिथल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कारवारजवळच्या टेकडीवर समुद्राकडे तोंड करून एक रडार बसवलं होतं. रडारच्या पडद्याचे फोटो एकामागून एक लांबलचक फिल्मवर निघत, आणि ती फिल्म डब्यात बंद होऊन बेंगळुरात धुवायला येई.

शेडचे प्रमुख भीमाचार्य. शेंडी, जानवं, आणि पँटच्या खिशात कायम मोजपट्टी. नव्या माणसाला ते सांगायचे, "जहाजावरच्या लोकांना रडारमध्ये खडक हवा असतो, दुसरं जहाज हवं असतं. लाटांवर आपटून जे ठिपके परत येतात तो त्यांच्या लेखी कचरा. बटण फिरवून पुसून टाकतात. मला तो कचराच पाहिजे. समुद्र त्यातच आहे."

फिल्म धुण्याचं काम उमाजीकडे होतं. काळ्या खोलीत जायचं, दार लावायचं, डबा उघडायचा. या फिल्मला तांबडा दिवासुद्धा चालत नसे. अंधारात हाताने चाचपत ती एका मोठ्या लाकडी ड्रमवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची आणि मग ड्रम औषधाच्या टाकीत उतरवायचा.

उमाजी आधी खाणीत होता. एकदा वरचा दगड बसला आणि तो विठोजी नावाच्या सोबत्याबरोबर आत अडकला. बाहेर काढलं तेव्हा उमाजी बोलत होता, विठोजी नव्हता. बायकोला, कावेरीला, त्याने एवढंच सांगितलं की दगड पडला आणि मी खाण सोडली. अंधारात दार बंद झालं की त्याच्या छातीवर काय बसतं, ते त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

सांगून करणार काय? हलसूरला मेव्हण्याच्या घरातली एक खोली, त्यात हे दोघं आणि तान्हं मूल. ही नोकरी मेव्हण्यानेच, विश्वासरावाने, शब्द टाकून मिळवून दिली होती. नोकरी हंगामी होती. कायम झाली तर क्वार्टर मिळणार होतं. विश्वासराव जेवताना रोज विचारायचा, "काय दाजी, कायमचं कुठवर आलं? का आमच्याच घरात कायम व्हायचा विचार आहे?" कावेरी खाली मान घालून वाढत राहायची.

म्हणून उमाजीने आपल्यापुरती एक सोय करून घेतली होती. ड्रम गुंडाळून झाला की टाकीत उतरवण्याआधी तो दार बोटभर उघडायचा आणि फटीला नाक लावून दोन घोट हवा घ्यायचा. बाहेर सामानाची खोली होती, तिथेही उजेड बेताचाच. एवढ्याशाने काय होतं, असं त्याला वाटायचं. मग दार लावून तो ड्रम खाली सोडायचा.

एक दिवस भीमाचार्य धुतलेली फिल्म हातात घेऊन जवळजवळ धावतच बाहेर आले.

"शेषगिरी! उमाजी! इकडे या. हे बघा."

शेषगिरी त्यांचा मदतनीस, तोंडाचा सैल. तो वाकून बघत म्हणाला, "सर, पट्टे आहेत. झेब्र्यासारखे."

"झेब्रा तुझा मामा! ठरावीक अंतराने समुद्र उजळतोय. पुन्हा शांत होतो, पुन्हा उजळतो. इतक्या शिस्तीने येणारी लाट जवळची नव्हे, लांबून आलेली. अगदी दक्षिणेला बर्फाचा समुद्र आहे, तिथे बर्फाच्या कडेला वादळं होतात. त्यांची लाट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचत असेल तर?" त्यांनी फिल्म उंच धरली. "अरे, ती बर्फाची कड कुठवर सरकली हे आपल्याला या शेडमध्ये बसून कळेल!"

त्या दिवशी त्यांनी घरून चिरोटे मागवून सगळ्यांना वाटले.

उमाजीचा चिरोटा हातातच राहिला. दोन पट्ट्यांमधलं अंतर त्याच्या ओळखीचं वाटत होतं, ड्रमच्या एका वेढ्याएवढं. सगळे जेवायला गेल्यावर त्याने ती फिल्म कोरड्या ड्रमवर गुंडाळली. सगळे पट्टे एकाखाली एक, एका रेषेत आले. काळ्या खोलीत ड्रमची जी बाजू दाराकडे असायची, त्याच बाजूला ती रेषा होती.

बर्फाच्या समुद्रावरून काही आलं नव्हतं. सामानाच्या खोलीतला उजेड आला होता.

त्यानंतरचे दिवस त्याला खाणीपेक्षा वाईट गेले. दार उघडलं नाही तर पट्टे जाणार आणि साहेब विचारणार, का गेले? उघडलं तर खोटा समुद्र वाढत जाणार. नवा डबा आला तेव्हा त्याने न उघडण्याचं ठरवलं होतं. पण ड्रम गुंडाळून होताच छाती आवळली आणि हात आपोआप दाराकडे गेला. फिल्मवर पट्टे आले. भीमाचार्य खूश झाले. दिल्लीला दाखवायला लेख तयार होऊ लागला.

मग एका सकाळी काळ्या खोलीच्या दारापाशी सुतार बसलेला दिसला. चौकटीला काळ्या बनातीचं जाड कापड ठोकून झालं होतं आणि तो बाहेरून कडी बसवत होता.

"दिल्लीची माणसं संशयी असतात," भीमाचार्य म्हणाले. "उजेड शिरला असेल, असं कोणी म्हणायला नको. आजपासून तू आत गेलास की शेषगिरी कडी लावेल. काम संपलं की ठोक, मग काढेल."

"सर, कडी नको," उमाजी म्हणाला.

"का?"

"उजेडच शिरलाय."

सुताराची हातोडी थांबली. उमाजीने सगळं सांगितलं. खाण, विठोजी, बोटभर फट. ड्रमवर फिल्म गुंडाळून ती रेषाही दाखवली. भीमाचार्यांनी त्या रेषेला मोजपट्टी लावून पाहिली. मग त्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला.

"असेल," ते म्हणाले. "पण नसेलही. तुझा उजेड वेगळा आणि लाट वेगळी, दोन्ही असू शकतात. नुसतं तू सांगितलंस म्हणून मी माझा समुद्र पुसणार नाही. आज नवा डबा आलाय. बंद दाराआड धू. पट्टे नाही आले तर मी मानेन."

"सर, मला आत जमत नाही. शेषगिरीला सांगा."

"त्याने आधीच एक अख्खी फिल्म ओरबाडलीये. ड्रमला तुझाच हात लागतो."

शेषगिरीने मान हलवली. "खरं आहे अण्णा. माझ्या हातून नाडीसुद्धा नीट गुंडाळली जात नाही."

खरं बोलून सुटू असं उमाजीला वाटलं होतं. आता खरं ठरवायलाच आत जावं लागत होतं.

तो आत गेला. बनातीमुळे दार लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही, फक्त कडीचा आला. त्याने डबा उघडला. फिल्मचं टोक सापडेना. त्याच्या कानात दगड पडल्याचा आवाज घुमू लागला, त्याला विठोजीचा खोकला ऐकू आला, घाम डोळ्यांत उतरला. त्याने दार ठोकायला मूठ उचलली. आता ठोकलं तर कडी निघेल, उजेड येईल, फिल्म जाईल, आणि लाट खरी की खोटी हे कुणालाच कळणार नाही. मूठ तशीच वर राहिली. मग ओठ दाबून तो खाली बसला आणि मांडीवर डबा घेऊन टोक शोधू लागला. सापडलं. एक वेढा. त्याला लागून दुसरा. ड्रम भरला तेव्हा दाराकडे पाठ करून त्याने तो टाकीत सोडला. औषधाचा वास नाकात गेला, पण हात सुटला नाही.

फिल्म निघाली. सगळीकडे सारखे ठिपके. एकही पट्टा नाही.

भीमाचार्यांनी ती उजेडासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मग लेखाचे कागद कपाटात खालच्या फळीवर ठेवले आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

उमाजी घरी जायची तयारी करून उभाच होता. जेवणाचा डबा पिशवीत घातला होता. विश्वासरावाला काय सांगायचं ते मनात जुळवत होता.

"कुठे निघालास?" भीमाचार्यांनी विचारलं.

"काढलंत ना सर मला?"

"वेडा आहेस काय? आजवरचा समुद्र गेला, तो पुन्हा पहिल्यापासून करायचा आहे. आणि या शेडमध्ये एकच माणूस आहे जो आता काही झालं तरी दार उघडणार नाही, हे मला आज कळलं." त्यांनी ओला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "तुला कायम करायचं मी आजच लिहितो. काळी खोली तुझी. क्वार्टरही मिळेल. चालेल ना?"

उमाजीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. समोर भीमाचार्यांचा चेहरा आशेने भरलेला होता. कावेरी दिसत होती, मूल दिसत होतं, वाढलेल्या ताटावरचा विश्वासराव दिसत होता. नाही म्हणायला जागाच उरली नव्हती.

"सरी, चालेल," तो म्हणाला.

कावेरीने त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली. विश्वासरावाने पहिल्यांदाच दाजींना आधी वाढायला सांगितलं.

पुढचा डबा आला. उमाजी काळ्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला. शेषगिरी कडीवर हात ठेवून म्हणाला, "चला अण्णा, समुद्र वाट बघतोय."

"शेषगिरी, एक काम कर. मी आत असेपर्यंत बाहेरून बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मोठ्याने बोल. बनात आहे."

"साहेब रागावतील."

"रागावू देत. आवाजाने फिल्म खराब होत नाही."

शेषगिरीने थोडा विचार केला. "सासूबद्दल बोललो तर चालेल? तिच्याबद्दल बोलायला लागलो की मी लवकर थांबत नाही."

"सासूबद्दलच बोल," उमाजी म्हणाला आणि आत गेला.

कडी लागली. अंधारात त्याने डबा मांडीवर घेतला. दाराच्या पलीकडून, खोल विहिरीतून यावा तसा शेषगिरीचा आवाज आला, "तर अण्णा, ही बाई उगादीच्या सणाला आली आणि अजून गेलेली नाही..."

उमाजी फिल्मचं टोक शोधू लागला.