दोघांची खुर्ची

इंग्रजीतले समुद्रकिनाऱ्यावरचे साठ शब्द जर्मनमध्ये करून द्यायचे, एवढंच काम होतं. मुलांचा चित्रकोश. बादली, फावडं, शिंपला, दीपगृह. बाईंच्या दृष्टीनं डाव्या हाताचा मळ. चाळीस वर्षं त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं मिळून अवजड यंत्रांची माहितीपत्रकं जर्मनमध्ये नेली होती, तिथे फावड्याची काय कथा!

दोघांची रीत ठरलेली. कागदावर डावीकडे छापील इंग्रजी, मधे बाईंनी लिहिलेलं जर्मन. मग डावी बाजू दुमडायची आणि कागद टेबलापलीकडे सरकवायचा. नवऱ्यानं नुसतं जर्मन वाचून उजवीकडे पुन्हा इंग्रजी लिहायचं. दोन्हीकडचं जुळलं की सह्या, नाही जुळलं की भांडण. भांडायला त्या माणसाला फार आवडायचं. "ही जादा शब्दांची भरती कुठल्या समुद्रातून आणलीस?" असं विचारून तो स्वतःचाच चहा गार करून घ्यायचा. प्रकाशनसंस्थेचाही नियम होता, दोन सह्या नसतील तर कागद परत.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. संस्थेला बाईंनी कळवलंच नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. कळवलं की काम जाणार, आणि काम गेलं तर दिवसभर करायचं काय, हे त्यांनी स्वतःला एकदाच विचारलं. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. त्या कागद दुमडायच्या, उठून टेबलापलीकडे जायच्या, नवऱ्याच्या खुर्चीत बसायच्या, त्याचा चष्मा लावायच्या आणि उजवीकडे इंग्रजी लिहायच्या. सगळं जुळायचं. न जुळून जातंय कुठे!

कागदांचे फोटो आदल्या रात्री पाठवले होते; सकाळी संपादिकेचा फोन आला. मुलगी गोड, पण डोळ्यांत तेल घालून वाचणारी.

"काकू, सदतिसावं चित्र बघा ना."

चित्रात पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, घडीची आरामखुर्ची होती. एका माणसाची.

"तुम्ही श्ट्रांडकोर्ब लिहिलंय. ती तर वेताची, वर छप्पर असलेली, दोघांची असते ना? आणि काकांनी उलट करताना पुन्हा साधी घडीची खुर्चीच लिहिलीये! त्यांच्या नजरेतून सुटलं कसं? द्या फोन, जरा चिडवते त्यांना."

समुद्रावर ते दोघं आयुष्यात एकदाच गेले होते. आठवडाभर रोज तसल्याच वेताच्या खुर्चीत बसले. नवरा पेपर वाचायचा, पान उलटताना त्याचं कोपर लागायचं आणि बाई वैतागायच्या. किनाऱ्यावरची खुर्ची म्हटल्यावर हातातून तीच उतरली होती.

"बाहेर गेलेत" हे उत्तर तयार होतं. आठ महिन्यांत पाचदा वापरून झालं होतं. आज त्यांनी ते दिलं नाही.

"ते नाहीत गं," बाई म्हणाल्या. "आठ महिने झाले. दुसरी सही मीच करतेय."

मग ती मुलगी म्हणाली, "सांगायचं ना काकू. काम थोडंच काढून घेतलं असतं? माझे जर्मनचे सर निवृत्त झालेत. सोमवारपासून त्यांना पाठवते तुमच्याकडे. उलट तपासणी ते करतील. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

काम वाचलं होतं, आनंद व्हायला हवा होता. बाईंना मात्र त्या न पाहिलेल्या सरांचा भयंकर राग आला. त्यांनी सदतिसावा शब्द खोडून लीगेश्टूल, म्हणजे साधी घडीची आरामखुर्ची, लिहिलं आणि खालची नवऱ्याची सहीही खोडली. पलीकडच्या खुर्चीवरची उशी काढून कपाटात ठेवली, चष्मा डबीत घातला, चहाच्या कपाचा गोल डाग ओल्या फडक्यानं पुसला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग त्या आपल्या जागी येऊन बसल्या, कागदाची डावी बाजू दुमडली आणि सवयीनं तो पलीकडे सरकवला. कागद टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि खाली पडला.