बेरागाईची बाजू

"फिरव ते पाखरू!" रेमाईनं अडकित्ता चटईवर आपटला.

पंधरा बिऱ्हाडांच्या लांबघराच्या सामाईक ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली तिची नात मिंदू दचकली. पडद्यावर तिनं तीन फोटो एकात बसवले होते. मागे धुक्यातला डोंगर, खाली जुन्या फोटोतला, धक्क्यावरून होडीत पाय टाकणारा तिचा बाप उगात आणि त्याच्या पुढ्यातून झेपावणारा लाल पोटाचा बेरागाई, शकुनाचं पाखरू. दुपारच्या होडीनं चित्र कुचिंग शहरातल्या प्रदर्शनाला जायचं होतं.

"आजी, तीन दिवस जळवा अंगावर घेऊन मिळवलाय तो!"

"म्हणून कुठंही डकवशील? या बाजूनं आडवा गेला, तर निघालेला माणूस माघारी फिरतो. कुत्र्यालाही कळतं ते. कॉलेजातल्यांना नाही."

मिंदूनं एक बोट दाबलं. पाखरू उलट्या दिशेला उडू लागलं.

"झालं समाधान?"

रेमाई उठली. वाळवणातल्या भातावरच्या कोंबड्या हाकलल्या. परत येऊन बसली. पुन्हा उठली. कोंबड्या नव्हत्या, तरी हाकलल्या.

अकरा वर्षांपूर्वी तिनं पंधरा बिऱ्हाडांदेखत उगातला ऐकवलं होतं, "चुलीपाशी बसून राहणाऱ्याला मी मुलगा म्हणत नाही." दुसऱ्या सकाळी तो होडीनं लाकूडतोडीवर गेला; मिंदू चित्र जुळवत होती ते त्याच सकाळचं. चौथ्या महिन्यात ओंडक्याखाली सापडून मेला.

"पण खोटं दिसतंय गं," मिंदू पुटपुटली. "डोंगरावर ऊन एकीकडून, पाखरावर दुसरीकडून. काढूनच टाकते. त्या सकाळी पाखरू होतंच कुठं?"

रेमाई विडा चघळायची थांबली.

"होता तिकडं फिरव."

"आत्ता तर ओरडत होतीस!"

"ओरडले. आता सांगते ते कर. पहिल्याच बाजूनं गेला होता तो, त्या सकाळी. होडीवाला भोंगा वाजवत होता. तुझा बाप वाकून गाठोडं ठेवत होता, त्याला दिसला नाही."

"मग तुला कसं…"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हसलं. मिंदूनं पाखरू पहिल्यासारखं केलं. ऊन जुळलं.

तिनं विचारलं, "आजी, तू कुठं उभी होतीस?"

रेमाईनं चुन्याचं बोट सारोंगला पुसलं. मग ते पडद्यावर, धक्क्याच्या रिकाम्या पायरीवर, उगातपासून हातभर अंतरावर टेकवलं आणि तिथंच ठेवलं.