आवाज न करणारी सायकल

कारखान्यातल्या बायका त्याला कानसेन म्हणत. साठ शिलाई मशीनांच्या खडखडाटात तो मधोमध उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि बिघडलेल्या मशीनकडे नेमकं बोट दाखवायचा. शंका राहिलीच तर लांब पेचकसाचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाला लावायचा. पंचवीस वर्षांत आपलं निदान एकदाही चुकलेलं नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

घरी मात्र सध्या त्याच्या कानावर एकच गोष्ट पडत होती. भाऊजी म्हणाले. भाऊजी म्हणतात. भाऊजींचं म्हणणं असं.

भाऊजी म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे ह्याचा साडू. विम्याच्या कचेरीतला कारकून. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड न उघडण्याची खोड. सासरी पहिल्या दिवसापासून त्याचा उदोउदो. सासऱ्यांचे नळ, पंखे, कुलपं दुरुस्त करून कानसेनचे हात काळे व्हायचे, आणि हात धुऊन चहाला येऊन बसला की सासूबाई मान वळवून साडूला विचारायच्या, तुमची पाठ आता बरी आहे ना? वीस वर्षं हे तो चहाबरोबर गिळत आला होता.

अडीच महिन्यांपूर्वी बायको जिन्यावरून पडली आणि तिच्या डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा पाय लाकडासारखा ताठ झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की घरात जागेवरची सायकल रोज चालवा. महिन्याभरात गुडघा पुरेसा वाकला नाही तर भूल देऊन जोराने वाकवावा लागेल, आणि एवढं करूनही तो पहिल्यासारखा होईल याची खात्री देता येत नाही. त्या दिवशी जिना चढताना बायकोने कठडा दोन्ही हातांनी धरला होता, ते त्याने पाहिलं होतं.

आता योग असा की साडूच्या घरी अशी सायकल नुकतीच आली होती, त्याच्या सुटलेल्या पोटासाठी. नवीकोरी, पडदा असलेली, पाणी ठेवायला खोबण असलेली. बहीण म्हणाली, ये की रोज सकाळी इकडेच. दोन गल्ल्यांचं तर अंतर. बायको काठी टेकत जायला लागली आणि यायची ती हसतमुख होऊन. आज चाळीस फेऱ्या झाल्या. आज साठ. भाऊजी म्हणाले, घाई नको. कानसेनने एका रविवारी मोजलं, दुपारपर्यंत भाऊजी नऊ वेळा काहीबाही म्हणाले होते.

त्याचा जळफळाट व्हायचा. आपली बायको बरी होतेय याचा आनंद व्हायला हवा हे त्याला कळत होतं, आणि तो होत नव्हता हेही कळत होतं. ती दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मशीनवर बसून बरी होतेय, हे त्याला खुपत होतं. मशीन तरी कसलं! एकदा तो मुद्दाम पाहून आला होता. पातळ पत्र्याच्या नळ्या, वरून प्लॅस्टिकचं कवच, आत बोटभर रुंदीचा पट्टा. वजन टाकलं की सांगाडा हलतो. दोन वर्षांत भंगारात जाईल, असं त्याने घरी येऊन जाहीर केलं. बायको म्हणाली, मला दोन वर्षं कुठे हवीय, मला महिनाभरच हवीय. हे उत्तर त्याला साडूच्या घरचंच वाटलं.

मग त्याने कंबर कसली. आपण अशी सायकल आणू की साडूने तोंडात बोट घालावं. नवीन घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं, कारण नव्याची पारख साडूलाही करता येते. जुन्यातलं चांगलं ओळखायला कान लागतो.

पहिली सायकल त्याने एका बंगल्यात पाहिली. वरून चकचकीत, पण बैठकीचा दांडा उपसून पाहिला तर घामाने आतून गंजलेला. दुसरी एका वकिलाच्या गच्चीजवळच्या खोलीत होती. तीन वर्षांत तिच्यावर फक्त टॉवेल वाळले होते. वकील म्हणाला, अगदी नव्यासारखी आहे. कानसेनने पायटा, म्हणजे पेडल, फिरवला, पेचकस लावून ऐकलं आणि सांगितलं की वापरलेलं मशीन परवडतं, पडून राहिलेलं नाही. आतलं वंगण सुकून त्याची खपली झाली होती.

तिसरी मात्र त्याला पाहताक्षणी आवडली. एक व्यायामशाळा बंद होत होती, तिथल्या कोपऱ्यात ती उभी होती. रंग उडालेला, पण जाड नळ्यांचा सांगाडा, पुढे बिडाचं भरीव चाक, आणि एकूण एक नटबोल्ट असा की कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळावा. पडदा नाही, काही नाही. तो स्वतः चढून बसला, दहा मिनिटं जीव खाऊन चालवली. सांगाडा तसूभर हलला नाही. चाकाचा आवाज तर इतका बारीक की त्याला कान जवळ न्यावा लागला. व्यायामशाळेचा मालक भला माणूस होता. कोण वापरणार, असं त्याने विचारलं आणि म्हणाला, वहिनींना एकदा आणून बसवा, मग न्या. कानसेनने हात झटकला. मशीन मी बघतो, तुम्ही टेम्पो बघा, म्हणाला.

त्या वेळी बायको साडूच्या घरी सायकल चालवत होती.

सायकल घरी आली, खिडकीपाशी बसली. उद्यापासून तिकडे जायचं कारण नाही, असं त्याने सांगून टाकलं. बायकोने सायकलवरून हात फिरवला, भक्कम आहे हो, म्हणाली. एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ती खोलीचं दार ओढून घ्यायची, कारण कुणी बघत असलं की तिला अवघडल्यासारखं होतं. तो बाहेर दाराला कान लावून उभा राहायचा. आत चिडीचूप. चाकाचा नाही, पट्ट्याचा नाही, कसलाच आवाज नाही. त्याची छाती फुगायची. त्या नऊ दिवसांत त्याने कारखान्यात हेच सांगितलं की पंधरा वर्षांची सायकल, पण चालू आहे की बंद तेही कळत नाही.

दहाव्या दिवशी रविवार होता. साडूला सहकुटुंब चहाला बोलावणं गेलं. चहा कसला, निमित्त. कप खाली ठेवायच्या आत कानसेनने सगळ्यांना खिडकीपाशी नेलं, सांगाड्यावर थाप मारली आणि साडूला जवळ येऊन ऐकायला सांगितलं. बायकोला म्हणाला, चालवून दाखव.

ती चढली. डावा पाय पायट्यावर ठेवून तिने तो वर आणला, अर्ध्यावर थांबवला आणि तसाच मागे नेला. पुन्हा अर्ध्यावर, पुन्हा मागे. चाक जरासं डोलून जागच्या जागी राहत होतं.

"चालव की," तो म्हणाला.

"पूर्ण फिरत नाही."

"जाम झालं? कालपर्यंत तर..."

"मशीन नाही हो," ती खाली बघत म्हणाली. "गुडघा."

खोलीत जी शांतता पसरली ती कानसेनला ओळखीची वाटली. नऊ दिवस दाराला कान लावून तो हीच ऐकत होता.

थोरल्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली, अगं मग आमच्याकडे कशी फिरत होती? आणि मग स्वतःच सांगून मोकळी झाली. पहिल्याच दिवशी ह्यांनी विचारलं होतं, कुठपर्यंत वाकतो ते दाखवा. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणून माझ्या हातात दिला आणि आकडा कागदावर लिहून घेतला. मग दुकानात जाऊन भोकांच्या पट्ट्या आणल्या. पायटा त्या पट्टीवर आतल्या भोकात बसवला की फेरी लहान होते, गुडघा कमी वाकवावा लागतो. दर आठवड्याला एकेक भोक बाहेर सरकवायचं, आणि हिचं चालवून झालं की पट्ट्या काढून ठेवायच्या. साडू अवघडून म्हणाला, त्यात काय एवढं, पट्ट्या मी संध्याकाळी आणून देतो.

"नको," कानसेन म्हणाला. आवाज जरा चढलाच.

पाहुणे गेल्यावर त्याने बायकोला विचारलं, नऊ दिवस बोलली का नाहीस. ती रागावली नाही, ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुम्ही दाराबाहेर उभे असायचात. सावली दिसायची खालून. इतके खूश होतात."

त्याला साडूचा हेवा वाटत आला होता तो सासूबाईंच्या कौतुकाचा, शर्टाचा, त्या पडदेवाल्या सायकलीचा. आता कळलं की हेवा करावा अशी साडूकडे एकच गोष्ट होती. त्याने विचारलं होतं. आणि आपण, बायकोचा नवरा, तीन सायकली तपासल्या, आतला गंज काढून दाखवला, आणि तिचा गुडघा कुठे अडतो ते एकदाही पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या महिन्यातले नऊ दिवस आपल्या कानाने खाल्ले. जळायला साडू मिळाला असता तर बरं होतं, पण आता त्याला राग येत होता तो स्वतःचाच.

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने पोलादाच्या दोन पट्ट्या कापल्या. भोक कुठे पाडायचं हे मात्र कारखान्यात ठरण्यासारखं नव्हतं. त्या पट्ट्या आणि कापडावर खुणा करायचा निळा खडू घेऊन तो संध्याकाळी लवकर घरी आला. बायकोला सायकलवर बसवलं, खाली फरशीवर बसून तिची टाच तळहातावर घेतली आणि हळूहळू वर उचलली.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"थोडं. अजून चालेल. हां, इथे."

वीस वर्षांत तिचा पाय त्याने कधी इतका वेळ हातात धरला नव्हता. तिची टाच थांबली तिथे त्याने पट्टीवर खडूची खूण केली. दुसऱ्या दिवशी भोकं पाडून, काठ घासून, पट्ट्या बसवल्या. पायटा वर आला, क्षणभर अडखळला आणि पलीकडे गेला. चाक फिरलं. आणि चाकाबरोबर आवाज आला. टक. दर फेरीला एकदा, डाव्या बाजूने, स्पष्ट. पारखताना ज्याने दहा मिनिटं ऐकलं होतं त्याच्या कानाने ही खोड टिपलीच नव्हती.

"आवाज येतोय," बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, आणि डोळेही भरले होते. "भाऊजी म्हणालेच होते, जुन्यात थोडा आवाज असणारच."

भाऊजींचं नाव त्याला पुन्हा टोचलं. कारखान्यात उद्या काय सांगायचं, हेही मनात येऊन गेलं. पण तो फरशीवरून उठला नाही. तिची टाच घसरू नये म्हणून हात तिथेच ठेवून त्याने टक मोजायला सुरुवात केली, आणि अकराव्यापर्यंत पोचला तरी पेचकस मागितला नाही.