जांभळं शेत

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. भालकीजवळ, उदगीर रस्त्याच्या कडेला, ज्वारीच्या शेतात सुतळीने टांगलेली. वाऱ्यावर गरगरते, उन्हात चकाकते. पाखरं आधी मला भ्यायची, आता माझ्यासमोरच कणसातले दाणे टिपतात. हसू नका. माझ्या पोटात अख्खं राज्य आहे!

१९९९ साली आडत दुकानदार वीरण्णांनी पोरांसाठी कॉम्प्युटर घेतला, त्याच्यासोबत मी आले. माझ्यातला खेळ साधा होता. शेतं पिकवायची, किल्ला बांधायचा, शत्रू आला की लढायचं. शेतं थोरली अंबिका बघायची, लढाई धाकटा श्रीशैल. तिच्या धान्यावर त्याची फौज जगायची, आणि जिंकल्यावर नाचायचा मात्र तो. माझ्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून अंबिकाने माझ्या पाठीवर पेनाने लिहिलं, 'अंबिकाची आहे. हात लावू नये.'

पुढे श्रीशैल हैदराबादला नोकरीला लागला. अंबिका लग्न होऊन आळंदला गेली, आणि रुमालात गुंडाळलेली मी तिच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेत पडून मी सासरचं एक वाक्य रोज ऐकलं, "या घरात तुझं काय हाय?" म्हणून वडील वीरण्णा वारल्यावर अंबिका भावाला फोनवर म्हणाली, "माझ्या वाट्याचं शेत मी सोडणार न्हाई. माझं म्हणायला तेवढंच हाय."

त्यानंतर भावाचा फोन बंद. आणि २०११च्या नागपंचमीला तो स्वतःच मुराळी होऊन तिला न्यायला हजर!

"ती सीडी घे अक्का. पहिल्यासारखं खेळू."

भावासाठी आदल्या दिवशी उपवास केलेली ती. साड्यांच्या आधी तिने मला पिशवीत घातलं.

माहेरी त्याने मला नव्या लॅपटॉपमध्ये घातलं आणि माझी लाजच गेली. शेत जांभळं, नदी तांबडी, माणसांची तोंडं हिरवी.

"कामून असं दिसायलंय रे?"

"थांब अक्का, करायलोय."

त्याने ड्रायव्हर नवा टाकला. खेळ जुन्या विंडोजसारखा चालवून पाहिला. पडदा लहान केला. ढिम्म फरक नाही. खरं तर खोट माझी नव्हती. माझ्याजवळ मोजकेच रंग, आणि त्यांत नव्या मशीनचा डेस्कटॉप आपले रंग घुसडत होता. शेवटी श्रीशैलने तो डेस्कटॉपच बंद केला आणि एकटा खेळ चालू ठेवला. रंग जागच्या जागी आले. बहिणीसाठी किती खपतोय पोरगा, असं मला वाटलं. वेडी मी!

"व्हय रे! माझी ज्वारी!" अंबिकाचे डोळे भरून आले.

पंचमीला आमच्याकडे चिरत नाहीत, जमिनीला नांगर लावत नाहीत. नागाला इजा होईल म्हणतात. त्याच दिवशी श्रीशैलने बॅगेतून हक्कसोडीचा कागद काढला.

"एवढी सही कर अक्का. खेळात शेतं तुझी, किल्ला माझा. कधी भांडलो का आपण? नाव कुणाचं का असंना, माहेर तुझंच हाय."

आई गुरुबाई दारात उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं.

अंबिकाने पडद्यावरच्या हिरव्या शेताकडे पाहिलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसातही जाऊन आली. तो खेळ मग कुणी पुरा केला नाही. दिवाळीला तिला आणायला मुराळी गेला नाही. ज्वारीला कणसं धरली तेव्हा श्रीशैलने मला बटईने शेत कसणाऱ्या बसलिंगप्पाच्या हातात दिलं, "पाखरांसाठी बांध."

काल अंबिका आली. न बोलावता, एकटी, बसने. बांधावर उभी राहून तिने हुरड्याचं एक कणीस तोडलं. बसलिंगप्पा तिला ओळखत नव्हता.

"ओ बाई, कणीस कामून तोडायलाव? मालकाला विचारल्याबिगर न्हाई."

तिने कणीस त्याला देऊन टाकलं. मग मी दिसले. पाठीवरची पुसट शाई तिने वाचली आणि हात वर केला.

"त्याला हात लावू नका बाई. मालकाचं हाय."

तिने हात खाली घेतला आणि रस्त्याकडे चालू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायची आम्हा वस्तूंची रीत आहे. अंबिकाने मला जिवापाड जपलं होतं, म्हणूनच तर श्रीशैलला मी सापडले. तेव्हा जपा जरूर. पण तुमचा जुना खेळ कुणी फार मायेने दुरुस्त करून पुढ्यात ठेवला, तर आधी तो खेळ बंद करा आणि कागद वाचा.