आवाहनातला क्रमांक

रविवार, दिनांक १४ सप्टेंबर २०२५ रोजी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील भोरकड्याच्या एका घळीतून समाधान नावाच्या चौतीस वर्षांच्या गृहस्थाने गिरिबचाव पथकाच्या मदत क्रमांकावर फोन केला.

तो उचलला ज्ञानेशसरांनी. सर महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि बावीस वर्षे पथकाचे समन्वयक. पथकात कोणाला पगार नव्हता, मानधन नव्हते. ज्याने त्याने आपला रविवार आणि आपले गुडघे खर्ची घालायचे. अशा ठिकाणी ज्याचा शब्द शेवटचा, त्याला शेवटच्या शब्दाची चटक लागते. सरांना ती लागली होती, आणि त्यांचा शब्द बहुधा खरा ठरत असल्यामुळे कोणी ती सोडवायलाही गेले नव्हते.

"सर, एकटाच आलो होतो. घसरलो. मांडीत फांदी घुसली, रक्त थांबत नाहीये. पाय हलत नाही."

"दिसतं काय तुला?"

"धुकं. मधूनच समोरचा कडा दिसतो, त्याच्यावर पांढरा पट्टा आहे. खाली दोन उंबर आहेत, एकमेकांत पिळलेले."

भोरकड्याला अशा नऊ घळी. नकाशात त्यांना नावे नाहीत आणि धुक्यात नऊही सारख्याच. तिथे इंटरनेट पोचत नव्हते, त्यामुळे मोबाइलवरून ठिकाण पाठवण्याचाही मार्ग खुंटला होता. शेजारी दोराच्या पिशव्या भरणाऱ्या मंजुषाने फोन मागून घेतला. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती.

"समाधान, रुमाल, शर्ट, असेल ते जखमेत कोंब आणि दोन्ही हातांनी दाबून धर. दोन्ही. हात काढायचा नाही. फोन बाजूला ठेव. आम्ही पोचलो की खालून शिट्ट्या वाजवू, तेव्हा ओरड."

"बरं ताई. बायकोला एवढ्यात कळवू नका. तिला शिर्डीला जातो म्हणून सांगितलंय."

"आधी खाली ये. मग तुझं काय करायचं ते ती बघेल."

तो हसला. मंजुषाला ते हसणे बरे वाटले. हसायला जीव शाबूत लागतो.

गाडी गंगापूर रस्त्याला लागली आणि सरांनी आवाहन लिहायला घेतले. भोरकड्याभोवतीच्या पाड्यांत पथकाचे जुने परिचित होते. त्या चाळीस जणांचा एक व्हॉट्सॲप गट होता. घळ ओळखणारा माणूस मिळेल तर तिथेच. सरांनी चार वाक्ये लिहिली, दोन खोडली, पुन्हा लिहिली आणि शेवटी संपर्कासाठी समाधानचा क्रमांक घातला.

मंजुषा म्हणाली, "सर, तुमचा नंबर द्या ना. आणि पट्टा, उंबर, तेही लिहा."

"ते लिहिलं की दहा जण दहा घळी सांगतील. जाणकाराने थेट त्याला विचारावं, त्याने थेट सांगावं. मध्ये तोंडं जितकी जास्त, चूक तितकी जास्त."

"त्याचे दोन्ही हात जखमेवर पाहिजेत."

"अगं, फोन उचलायला किती वेळ लागतो? आणि करणार कोण? चार पाड्यांतली चार माणसं."

गाडी चालवणारा धम्मपाल आरशातून म्हणाला, "सर, ताई म्हणतात त्यात पॉइंट आहे."

"तू रस्त्याकडे बघ."

सरांनी समाधानला फोन करून बजावले, "अनोळखी नंबर आला तरी उचल. गाववाले असतील." मग आवाहन पाठवले. वेळ दोन वाजून पाच मिनिटे.

आवाहन उत्तम उतरले होते, आणि तिथेच घात झाला. 'एक जीव कड्याच्या कुशीत आपल्या हाकेची वाट पाहत आहे' हे वाक्य वाचून ज्याचे मन भरून आले, त्याने ते पुढे पाठवले. अडीचपर्यंत ते सिडकोतल्या सोसायट्यांत पोचले, तीनपर्यंत लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या गटात. रविवारची दुपार, जेवणे झालेली, हातात मोबाइल. शेकडो माणसांनी त्या क्रमांकावर फोन लावला. कोणी धीर द्यायला, कोणी मंत्र सांगायला, कोणी बातमी खरी की खोटी ते पाहायला.

सर डोंगराच्या पायथ्याशी उतरले तेव्हा समाधानचा फोन सतत व्यस्त लागत होता. तीन वाजून वीस मिनिटांनी एकदाच लागला.

"सर, सगळ्यांचे उचलतोय मी," समाधानचा आवाज जड झाला होता. "गाववाला अजून नाही आला कोणी. एक आजी रडायलाच लागल्या, मीच त्यांना समजावलं. स्क्रीन ओली होते सारखी, पुसावी लागते... हात..."

"उचलू नकोस आता! ऐकतोयस? कोणाचाही उचलू नकोस!"

पण मध्येच दुसरा फोन येऊन आदळला होता आणि सरांचा तुटला होता. त्यानंतर तीन चौतीसला समाधानचा मोबाइल बंद झाला. आधीचा क्रमांक वापरू नये, अशी विनंती सरांनी तितक्याच नेटक्या भाषेत पाठवली. ती कोणीही पुढे पाठवली नाही.

सरांनी तर्काने तिसरी घळ निवडली. करवीच्या झुडपांत अंगे सोलवटत पथक सव्वा तास तिच्यात शिट्ट्या वाजवत फिरले. उलट हाक आली नाही. चार पन्नासला ते खाली आले, तेव्हा गाडीपाशी एक म्हातारा उभा होता. डोक्यावर इरले, पोटऱ्या चिखलाने माखलेल्या. डोंगरापलीकडच्या पाड्यावरचा काळू.

"माणूस घावला का?" त्याने विचारले.

मंजुषाने पट्टा सांगितला, उंबर सांगितले. तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत काळूने पाठ फिरवली होती. "जुळ्या उंबराची नळी. चला. सातवी घळ हाय ती."

"तुम्हाला कळलं केव्हा?" चढताना धम्मपालने विचारले.

"नातवाच्या मोबाइलवर आलं ना, सव्वादोनला. म्हनलं पोराला इचारावं, काय दिसतंय तुला. सत्तावीस येळा लावला. दर येळी ती बाईच बोलं, दुसऱ्या कॉलवर हाय म्हून. दुसरा नंबर नव्हता त्यात. मंग आलो चालत, डोंगराला वळसा घालून."

"तुमच्या पाड्यावरून ही घळ किती लांब?"

"माज्या वावराच्या वरच हाय. अर्धा तास नाय लागत."

ते पिळलेल्या उंबरांपाशी पोचले.

समाधान दगडाला टेकून बसला होता. मंजुषाने मानेला बोटे लावली, पापणी उघडून पाहिली. अंग अजून कोमट होते. त्याचा डावा हात जखमेवरच होता. उजव्या हातात मोबाइल. त्याच्या काचेवर, उजव्या कानावर आणि गालावर रक्ताचे पुट वाळून तडकले होते. जखमेत कोंबलेला शर्ट निम्मा बाहेर आला होता.

काळूने कोयत्याने दोन दांडे तोडले आणि धम्मपालने दोर गुंफून डोली बांधली. सर मात्र उभे होते. मग ते बोलू लागले, आणि आवाजात नेहमीचीच ठाम घडण होती.

"एक गोष्ट नीट पाहा. जाणकार पाड्यातच होता. संदेश त्याच्यापर्यंत दहा मिनिटांत पोचला. त्याने फोनही केला, तोही थेट. म्हणजे विचार बरोबर होता. लोकांनी तो पुढे पाठवला, हा लोकांचा दोष. गटाबाहेर पाठवू नका असं लिहायचं राहिलं, इतकंच. फार तर एक वाक्य कमी पडलं. मंजुषा, तू सांग. तू परिचारिका आहेस, तुला कळतं. अशा जखमेत माणूस तसाही किती वेळ तग धरतो?"

मंजुषा समाधानच्या कानावरचे रक्त ओल्या बोळ्याने पुसत होती. तिने ते पुरते पुसून घेतले.

"दोन्ही हात जखमेवर असते, तर संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. "वाचला असता तो. तुमच्यामुळे मेला."