तेवीस नंबरचा फॉर्म

गावाचं नाव अहवालात मी चार ठिकाणी लिहिलं होतं. इथं लिहीत नाही. कोल्हापूरपासून एस.टी.नं अर्धा तास, एवढं पुरे. नाव गाळायची अक्कल मला उशिरा आली.

१९९८ साल. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला ‘सामाजिक संशोधन पद्धती’ हा पेपर होता. ऐंशी गुण लेखी, वीस गुण प्रत्यक्ष पाहणीला. पुस्तक पातळ, म्हणून वर्गाचा जीव त्याच्यावर. शिकवायला मृत्युंजय हिरेमठ सर. सरांच्या खिशाला तीन पेनं असायची आणि तिन्ही चालायची; बाकी स्टाफरूममध्ये असं दुसरं उदाहरण नव्हतं.

“संशोधनात पापं दोन,” सर म्हणायचे. “घरी बसून फॉर्म भरणं आणि बेरीज चुकवणं. पहिलं करणाऱ्याला नापास करीन. दुसरं करणाऱ्याला वर्गात उभं करीन.”

माहिती देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवावी, असंही पुस्तकात होतं. अर्धं पान. तास संपायच्या आधीच्या पाच मिनिटांत सरांनी ते वाचून दाखवलं, आणि आम्ही वह्या पिशवीत घालत ऐकलं.

बेरजेची मला भीती नव्हती. वडील शाळामास्तर, उत्तरपत्रिकांच्या गुणांची बेरीज चौथीपासून माझ्याकडं. “अदिती, एकदा बघ गं,” म्हणून गठ्ठा पुढ्यात यायचा आणि मला चूक सापडली की बाबांपेक्षा मलाच आनंद व्हायचा. माणसांकडंही मी तशीच बघायचे. कुणाच्या दारात किती चपला, दोरीवर किती लुगडी, त्यातली किती एकाच बाईची. कुणी विचारलेलं नसायचं. मी आपली टिपून ठेवायचे.

पाहणीला माझी जोडीदार सौंदर्या. गाव तिचं, गल्ली तिची, दुपारची भाकरी तिच्या आईची. विषय सरांनी दिला: ‘विवाहित स्त्रियांचा घरातील निर्णयांत सहभाग’. गल्लीत घरं एकशेवीस. चिठ्ठी टाकून पहिलं घर काढायचं आणि तिथनं दर तिसरं घर घ्यायचं; म्हणजे चाळीस घरं, प्रत्येकातली एक बाई. आवडीचं घर निवडायचं नाही, नावडतं टाळायचं नाही. याला नमुना निवड म्हणतात हे परीक्षेत लिहायचं असतं. गल्लीत फिरताना त्याला सौंदर्या “लंगडी” म्हणायची, कारण आम्ही दोन घरं सोडून तिसऱ्यावर उडी मारत होतो.

फॉर्मवर बावीस प्रश्न. नववा असा: घरी मारहाण होते का? हो / नाही.

सासू शेजारी बसलेलीच असायची. नववा प्रश्न आला की बाई आधी दाराकडं बघायची, मग म्हणायची, “न्हाय.” एकीनं तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. “आमच्यात तसलं न्हाय बाई. शेजारी इचारा.” शेजारचं घर आमच्या लंगडीत बसत नव्हतं, तरी उत्सुकतेनं विचारलं. शेजारीणही म्हणाली, शेजारी इचारा.

“बघ,” सौंदर्या म्हणाली, “दर तिसऱ्या घरात सुख हाय.”

माझ्या फॉर्मवर ‘निरीक्षण’ असा एक रकाना होता. तिथं मी लिहायचे: बांगड्या एकाच हातात. डोळ्याखाली डाग, ‘म्हशीनं शिंग मारलं’ म्हणते. म्हैस दिसली नाही. सरांनी तो रकाना वाचला आणि म्हणाले, “अंदाज नको. उत्तर मोज.”

तेवीस नंबरचं घर अक्काताईंचं. त्या दळण आणायला गेल्या होत्या. घरात सून एकटी, दानेश्वरी. निपाणीकडची, लग्नाला दोन वर्षं, शिक्षण बारावी. हरभरा सोलत बसली होती. बसा म्हणायच्या आधी म्हणाली, “कागद बघू.” बावीस घरांत एकीनंही फॉर्म वाचायला मागितला नव्हता. हिनं वाचला, वर शुद्धलेखनाची एक चूक काढली. नवव्या प्रश्नाला “नाही” म्हणाली. मी खूण केली. मग तिनंच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाहेरून बी.ए. करता येतं का? कॉलेजात बसावं लागतं का? फॉर्म कुठं मिळतो?

“मी आणून देते,” मी म्हटलं.

“त्यांना विचारून बघतो मी. मूड बघून.” निपाणीच्या असोत की कोल्हापूरच्या, आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच ‘करतो, जातो’ बोलतात. मी उठले तशी ती मला म्हणाली, “अक्का, ह्या कागदावर नाव न्हाय?”

“नाव लिहीतच नाही. नुसता नंबर. कुणाला कळायचं काही कारणच नाही.”

तिनं हातातला घाटा सोलून संपवला. “मग नऊ नंबरला हो करा.”

तेवढ्यात दारात डबा आदळल्याचा आवाज झाला. अक्काताई आल्या होत्या. मी घाईत ‘हो’च्या चौकोनात खूण केली आणि ‘या हं’ म्हणून निघाले.

फेब्रुवारीत वर्गात तक्ते तपासणी झाली. सरांनी माझा पाचवा तक्ता हातात घेतला, हिरव्या पेनानं खाली ओढत आले आणि थांबले.

“कुमारी अदिती, उभ्या राहा. चाळीस बायका आणि एकेचाळीस उत्तरं. एकीला दोन तोंडं होती काय?”

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून प्यून बघायला आला. माझ्या आयुष्यातली ती पहिली चुकलेली बेरीज. गठ्ठा उपसला, तेवीस नंबरला दोन्ही चौकोनांत खुणा. सरांना दाखवलं. ते म्हणाले, “शेवटचं उत्तर धर. बाई विचार करून बोलली असेल.” मी ‘नाही’ खोडलं. नाही एकोणचाळीस, हो एक. मग तीनदा मोजलं.

पुढं सरांनी दोन गोष्टी एकमेकींवर टाकून बघायला शिकवलं: मारहाण आणि शिक्षण. मला ते फारच आवडलं. रात्रीत सहावा तक्ता तयार. निरक्षर चौदा, त्यांत हो शून्य. सातवीपर्यंत सतरा, शून्य. दहावीपर्यंत आठ, शून्य. बारावी व पुढे एक, हो एक. त्यापुढं टक्के: शंभर.

सौंदर्यानं तो बघितला. “शेवटची ओळ गाळ की.”

“का?”

“अगं, आमच्या गल्लीत बारावीची सून एकच हाय.”

“नाव कुठं आहे?”

“नाव कशाला पायजे?”

“ओळ गाळली तर बेरीज एकोणचाळीस होते,” मी म्हटलं. “तुला उभं केलं नव्हतं सरांनी.”



सरांचं एक तत्त्व होतं: लोकांकडनं माहिती घेऊन पळायचं नाही, ती त्यांना परत द्यायची. म्हणून महिला दिनाला, आठ मार्चच्या रविवारी, गावातल्या शाळेत कार्यक्रम ठरला. तरुण मंडळानं मांडव घातला. महिला दिन असल्यानं पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बायका. मंडळाचा सेक्रेटरी चन्नवीर, दानेश्वरीचा नवरा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हसरा चेहरा. माझ्यासाठी माईकची दांडी खाली करून दिली, “मॅडम, पाणी?” म्हणून विचारलं. मी मनात तेवीस नंबर पुन्हा तपासला. संशय मला त्याचा नाही, फॉर्मचा आला.

तक्ते मोठ्या कागदांवर काढून फळ्याला टाचले होते. चार तक्ते झोपेत गेले. पाचव्याला मी वाचलं, “मारहाण होते, हो म्हणणाऱ्या एक. नाही म्हणणाऱ्या एकोणचाळीस.”

“एकच?” पहिल्या रांगेतला बाळासो ओरडला. “मग आमी उगंच बदनाम!”

मांडव हसला. “कोण हाय रं त्यो एक?” “कृष्णात, तुझाच नंबर लागला बघ!” “माझी उलटी मारती रं मला!” चन्नवीरही हसत होता, माईकच्या वायरीत गुंतलेला पाय सोडवत.

मी सहावा तक्ता उलगडला आणि छडी एकेका ओळीवर ठेवत वाचत गेले. हसणं ओळीओळीनं कमी होत गेलं. शेवटच्या ओळीला छडीचा आवाज ऐकू आला.

“बारावी म्हंजे…” बाळासो म्हणाला.

पुढच्या सगळ्या माना मागं वळल्या. बायकांच्या मात्र वळल्या नाहीत. त्या तेवढ्यातल्या तेवढ्यात दानेश्वरीपासून थोड्या सरकल्या. ती हातातल्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होती.

चन्नवीर माईकजवळ आला. चेहरा अजून हसराच. “मॅडम,” तो म्हणाला, “मोजण्यात काय चूक तर न्हाय न्हवं?”

चूक झाली म्हणायला दार उघडं होतं. त्यानं स्वतःच उघडून धरलं होतं, स्वतःसाठी का असेना. सौंदर्या माझ्याकडं बघत होती. सरही बघत होते. त्यांच्या खिशातलं हिरवं पेन मला दिसत होतं.

“नाही,” मी म्हटलं. “तीनदा मोजलंय.”

सोमवारी सौंदर्या कॉलेजला आली नाही. मंगळवारी आली ती मागच्या बाकावर बसली. मी जवळ गेले. “रात्री लई आवाज आला,” एवढंच म्हणाली. “आमच्या आईनं रेडिओ मोठा केला.”

बुधवारी मी एकटी गेले. पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा, कारण अहवाल शुक्रवारी द्यायचा होता, आणि बाहेरून बी.ए.च्या प्रवेशाचा कागद. अक्काताई दारातच होत्या.

“या पावणं. आज कुठला नंबर?”

मी चप्पल काढली. आत दानेश्वरी डाव्या हातानं पीठ मळत होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना हळदीचं फडकं आणि बांबूच्या कामट्या. मी विचारायच्या आधी म्हणाली, “भाजलं.” भाजलेल्या बोटांना कामट्या बांधत नाहीत.

“एकशेवीस घरं गल्लीत,” अक्काताई म्हणाल्या. “आमचंच गावलं तुला?”

“चिठ्ठीनं निघालं, आत्ती. दर तिसरं घर.”

“मग चौथं धरायचं हुतंस.”

चन्नवीर कामावर होता. खुंटीला त्याचा पांढरा शर्ट, पुन्हा इस्त्री केलेला.

“कागद आणलाय?” दानेश्वरीनं विचारलं.

मी प्रवेशाचा कागद पुढं केला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. “हा न्हवं. तेवीस.” बी.ए.चा कागद अक्काताईंनी उचलला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या मांडणीच्या पायाखाली सरकवला. मांडणी हलायची थांबली.

मी गठ्ठ्यातून तिचा फॉर्म काढला. तिनं डाव्या हाताचं पिठाचं बोट नवव्या प्रश्नावर ठेवलं. “मी आधी न्हाय म्हणालतो की. ते का खोडलं?”

“सर म्हणाले, शेवटचं उत्तर धर.”

“मग हे शेवटचं. लिहा. न्हाय.”

“दानेश्वरी, मी…”

“लिहा, अक्का. ते सात वाजता येत्यात. मंडळात दाखवायचं हाय त्यांना. तुमच्या सहीनं.”

मी शाईचं रबर काढलं आणि ‘हो’वरची खूण घासत बसले. बॉलपेनची शाई जाईना. अक्काताई माझ्या हाताकडं बघत होत्या. “जोरात घास,” म्हणाल्या. घासता घासता कागदाला भोक पडलं. आधी खोडलेल्या ‘नाही’च्या चौकोनात मी पुन्हा खूण केली. मग वहीच्या पानावर लिहून दिलं: दि. आठ रोजी वाचून दाखवलेल्या तक्त्यात माझ्या हातून मोजणीची चूक झाली आहे. खाली पूर्ण नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. दानेश्वरीनं ते वाचलं आणि दिव्याच्या फळीवर, चन्नवीरला दिसेल असं ठेवलं. मला कुणी चहा विचारला नाही. मी निघताना तिनं मान वर केली नाही, भाकरी थापत होती. एका हातानं भाकरी गोल होत नव्हती.

हिरेमठ सरांना मी खरं ते सांगितलं. त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं, टोपण लावलं, परत ठेवलं. “सहावा तक्ता काढून टाक,” म्हणाले. “पाचवा दुरुस्त कर.” काही वेळानं म्हणाले, “ते अर्धं पान मी आधी शिकवायला हवं होतं.”

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पाचवा तक्ता बघून खूश झाले. “चाळीसपैकी चाळीस नाही? चांगलं गाव दिसतंय.” सर खिडकीतनं सायकल स्टँड बघत होते. मग परीक्षकांनी मूळ फॉर्म मागवले, सवयीनं चाळले आणि तेवीस नंबरला थांबले. भोकातून त्यांचं बोट पलीकडं आलं.

“हे काय?”

“खाडाखोड, सर.”

“कच्चं काम.”

वीसपैकी अठरा मिळाले. वर्गात सगळ्यांत जास्त. दोन गुण कशाचे गेले, ते सौंदर्यानं विचारलं नाही.